इंजिन तापेपर्यंत

सिंगापुरात थंडी दोनच ठिकाणी पडते, ऑफिसात आणि मॉलमध्ये. बाहेर बाराही महिने शर्ट पाठीला चिकटलेला. अशा गावात रोज सकाळी न चुकता गाडीचं इंजिन तापवणारा एक माणूस मला भेटला आणि मी त्याला ते बंद करायला लावलं. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला दीड वर्ष लागलं.

सुभेदार धोंडिराम मोहिते गेल्या महिन्यात साताऱ्याकडे त्यांच्या गावी वारले. त्यांचा मुलगा संदीप आमच्याच ब्लॉकमध्ये राहतो, बुकित पंजांगला. तो आणि त्याची बायको अश्विनी नवव्या मजल्यावर, आम्ही सातव्या. त्यानं मला लिफ्टमध्येच सांगितलं, "आबा गेले." मी विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "मंगळवारी. झोपेतच." तेवढ्यात सातवा मजला आला. दार उघडलं, मी बाहेर पडलो, आणि मागं वळून काही बोलेपर्यंत लिफ्ट वर गेली होती. घरी येऊन मेधाला सांगितलं. ती माझी बायको, त्यामुळे तिला सगळं माहीत आहे. तिनं गॅस बारीक केला आणि खुर्चीवर बसली.

त्यांना सगळे आबाच म्हणायचे, मीही. ते मला 'सायब' म्हणायचे. मी कितीदा सांगितलं, आबा, मी तुमच्या मुलाच्या वयाचा, नावानं हाक मारा. तर म्हणायचे, "मेकॅनिकलची डिग्री हाय म्हणल्यावर सायबच की वो." डिग्री आहे हे खरं. पण ती पुण्यात घेतली आणि तिथंच ठेवली. पुढची वीस वर्षं मी बँकांचं सॉफ्टवेअर लिहितो आहे, आणि हाताला ग्रीस कधी लागू दिलं नाही. हेही मी त्यांना सांगून टाकलं होतं. त्यावर म्हणाले, "लागंल की. अजून काय वय झालंय."

ते फौजेत गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये होते. त्यातली बरीच वर्षं लडाखमध्ये गेली. निवृत्त होऊन गावी शेती बघत होते, बायको गेल्यावर संदीपनं लाँग टर्म व्हिजिट पास काढून त्यांना इकडं आणलं. माणूस बुटका, ताठ, मिशी कात्रीनं कापून सारखी केलेली. पँटची इस्त्री मोडलेली मी कधी पाहिली नाही. लिफ्टमध्ये चिनी बाई शिरली तरी ते जरा बाजूला होऊन मान झुकवायचे, आणि एकदा आमच्या खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवर चहावाल्यानं त्यांना सुटे पैसे जास्त दिले तेव्हा ते परत करायला दोनदा गेले, कारण पहिल्यांदा त्याला ते काय म्हणतायत ते कळलंच नव्हतं.

आमच्या गाड्या बहुमजली कार पार्कच्या तिसऱ्या मजल्यावर शेजारीशेजारी. पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते तिथंच. सकाळचे साडेसहा, म्हणजे इथं अजून अंधारच. कोकिळा कोकलत होत्या, पलीकडच्या रुळावरून रिकामी एलआरटी गेली. संदीपच्या गाडीचं बॉनेट उघडं, इंजिन चालू, आणि समोर एक म्हातारा हात मागं बांधून, मान एका बाजूला कलती करून उभा. मला वाटलं गाडी बंद पडली आहे. मी विचारलं, "काही प्रॉब्लेम?" त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाले, "आता आयका. आवाज खाली आला बघा. म्हंजे उठलं." मी कान देऊन ऐकलं. मला आधीचा आणि नंतरचा आवाज एकच वाटला.

त्यांचा क्रम ठरलेला होता. साडेसहाला खाली यायचं. आधी गाडीखाली वाकून बघायचं, तेल गळलंय का. मग चारी टायर बुटाच्या टोकानं दाबायचे. बॉनेट उघडायचं, ऑइलची पट्टी काढून फडक्याला पुसायची, परत घालून परत काढायची, उजेडात धरायची. मग आत बसून चावी. अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. "इंजनाला उठवायचं आस्तंय सायब, दचकवायचं न्हाई," म्हणायचे. शेजारच्या ब्लॉकमधले मिस्टर टॅन, निवृत्त टॅक्सीवाले, पहाटे व्यायामाला म्हणून कार पार्कच्या जिन्यानं चढउतार करायचे. ते रोज थांबायचे आणि वाक्याला इथलं 'ला' जोडून रोज तेच सांगायचे, "अंकल, हिअर नो विंटर. नो नीड, ला." आबा म्हणायचे, "नो नीड. बट गुड." मग दोघं मिळून त्या उघड्या बॉनेटमध्ये बघत उभे राहायचे. त्यांचं एवढंच संभाषण, आणि ते दोघांनाही पुरायचं.

पावणेसातला संदीप यायचा. एका खांद्याला लॅपटॉप, हातात कॉफीचा टंबलर, डोळे अर्धे मिटलेले. तो स्टिअरिंगवर बसायचा आणि आबा शेजारच्या सीटवर. संदीप म्हणायचा, "निघू?" आबा म्हणायचे, "चार मिन्टं. अजून गार हाय."

ती चार मिनिटं मी रोज ऐकायचो. माझी गाडी शेजारी, माझा काच पुसायचा वेळ तोच, आणि त्यांची खिडकी उघडी. मुद्दाम ऐकत नव्हतो असं म्हणायला हरकत नाही, पण ते खरं नाही. आबा सांगायचे, बोअरला पाणी लागलं. ताईच्या पोरीला कराडचं स्थळ आलंय, मुलगा वकील हाय, पण मला वकील नको वाटतंय. तू गोळी घेतलीस का. काल जेवला न्हाईस. संदीप 'हं' म्हणायचा, 'बघू' म्हणायचा, मधूनच हसायचा. एकदा त्यानंच आपणहून काढलं. "आबा, आमच्या टीममधली सहा माणसं काढली काल." आबांनी विचारलं, "तुझं?" "सध्या नाही." "अश्विनीला सांगितलंस?" "नाही." थोडा वेळ नुसतं इंजिनच बोलत होतं. मग आबा म्हणाले, "तिला सांग सवडीनं. तवर मला सांगत जा." त्यानंतर कितीतरी दिवस संदीप स्वतःच सांगायचा, आज कोण गेलं, उद्या काय होईल. चार मिनिटं झाली की आबा उतरायचे, बॉनेट लावायचे, टपावर दोन थापा मारायचे आणि गाडी निघायची.

घरी त्या बापलेकांना बोलायला दुसरी वेळच नव्हती. संदीप यायचा आठला. नऊपासून त्याचे लंडनशी कॉल, कानाला हेडफोन, बेडरूमचं दार लोटलेलं. शनिवार-रविवार नातीची ट्युशन आणि पोहणं. अश्विनी, म्हणजे सून, स्वभावानं चांगली. आबांना भाकरी लागते म्हणून यूट्यूब बघून शिकली. कुणाचाच काही दोष नव्हता. घर सगळं नीट चाललेलं होतं आणि त्यात आबांच्या वाट्याला दिवसाची चार मिनिटं आली होती. मला हे सगळं दिसत होतं. तरी त्या वेळी मी बघत होतो ते फक्त इंजिन, आणि मनात म्हणत होतो, किती हे अज्ञान.

आमच्या मराठी मंडळाच्या शिवजयंतीला कुणाला बोलवायचं यावर आमची तीन आठवडे चर्चा झाली. शेवटी मीच म्हणालो, अहो, आपल्या ब्लॉकमध्ये खरा सैनिक आहे. सगळ्यांना पटलं. कम्युनिटी क्लबचा हॉल, फेटे बांधलेली मुलं, पोवाडा झाला. मग आबा उभे राहिले. सगळ्यांची अपेक्षा होती गोळीबाराची. आबा वीस मिनिटं बोलले ते गाडी कशी सुरू करायची यावर.

त्यांनी सांगितलं की वरच्या चौक्यांवर संध्याकाळी गाडी उभी केली की इंजिनातलं ऑइल काढून डब्यात भरायचं आणि तो डबा बुखारीजवळ, म्हणजे तंबूतल्या शेगडीजवळ, ठेवायचा. पाणीही काढून टाकायचं. सकाळी ऑइल गरम करून परत ओतायचं, नाहीतर ते खरवसासारखं घट्ट. टाकीतलं डिझेल गोठायचं. इंजिनाखाली परातीत निखारे ठेवायचे, पण किती लांब ठेवायचे हे हातानंच कळतं. मुलं जांभया देऊ लागली. मग त्यांनी ते सांगितलं.

"मी नाईक हुतो तवा. एक जवान लई आजारी, खाली दवाखान्यात न्यायचा. लेफ्टनंट सायब नवीन हुते. इंजन एक मिनिट चाललं नसंल, म्हणले, निघा. मी म्हणलं, सायब, धा मिन्टं द्या. ते म्हणले, माणूस मरतोय. माझं चुकलं. मी आयकलं." दोन मैलांवर इंजिन बसलं. त्या जवानाला चार माणसांनी चार तास हातांवर उचलून खाली नेलं. "वाचला. पर पायाची बोटं गेली. मला अजून पत्र लिवतो, म्हणतो, तुजं काय चुकलं न्हाई. त्याला काय म्हाईत."

मुलांच्या जांभया थांबल्या. विषय हलका करायला कुणीतरी थट्टेनं विचारलं, "आबा, मग इथं सिंगापुरात कुणाची गाडी ठीक आहे?" आबांना थट्टा कळत नव्हती असं नाही, पण गाडीच्या बाबतीत ते थट्टा करत नसत. म्हणाले, "कुणाचीच न्हाई. आन् ह्या आमच्या सायबांची तर बघूच नगा. चावी फिरिवली की सुटले. दोन वर्सांत बसंल ते इंजन. डिग्री हाय, पर कान न्हाई."

लोक पोट धरधरून हसले. मेधा सगळ्यात जास्त वेळ हसत होती.

पुण्याचा माणूस वादात हरतो, पण तो वाद संपला असं समजत नाही. घरी जाऊन कागद शोधतो. मी तीन दिवस जेवणाची सुट्टी त्यात घातली. संदीपची गाडी ज्या कंपनीची, तिचं मॅन्युअल मिळवलं. त्यात लिहिलंच होतं: गाडी उभी ठेवून इंजिन तापवू नये, सुरू करून सुरुवातीला सावकाश चालवावी. त्या पानाच्या दोन प्रती काढल्या आणि ते वाक्य पिवळ्या हायलायटरनं रंगवलं. शिवाय इथं उभ्या गाडीचं इंजिन उगाच चालू ठेवणं नियमाविरुद्ध आहे, दंड होतो, तेही पान जोडलं. सगळं पारदर्शक फोल्डरमध्ये घातलं. मेधा म्हणाली, "कशाला? म्हातारा माणूस आहे." मी म्हणालो, "प्रश्न माणसाचा नाही, मुद्द्याचा आहे." असं मी खरंच म्हणालो.

रविवारी सगळ्यांना थालीपिठाला बोलावलं. संदीप, अश्विनी, नात रिया आणि आबा. खाणं निम्मं झाल्यावर मी फोल्डर काढला. जुन्या गाड्यांत पेट्रोल कसं मिसळायचं, आता संगणक ते कसं करतो, आजकालचं ऑइल पातळ कसं, आणि तीस डिग्रीच्या हवेत इंजिन मुळात गार कसं नसतंच, हे मी व्यवस्थित समजावून सांगितलं. इतक्या वर्षांत माझी डिग्री पहिल्यांदाच उपयोगी पडत होती, आणि मला फार बरं वाटत होतं. रिया म्हणाली, "आजोबा, यू आर पोल्यूटिंग, ला." अश्विनीनं तिला डोळ्यांनी दटावलं.

आबांनी कागद हातात घेतला. पिवळ्या ओळीवरून बोट फिरवलं आणि तो संदीपपुढं धरला. "काय लिवलंय?"

संदीपनं वाचलं. "आबा, कंपनी म्हणतेय, तापवायची गरज नाही. सुरू करायची आणि हळू निघायचं."

"कंपनीच म्हणत्येय व्हय."

"हो. आणि दंडसुद्धा आहे म्हणे."

आबांनी संदीपकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कागद न दुमडता फोल्डरमध्ये परत घातला आणि माझ्याकडे सरकवला. "मग बरुबर आसंल सायब. तुमचं बरुबर आसंल." एवढं बोलून त्यांनी थालीपिठाचा तुकडा दह्यात बुडवला. मी उदार मनानं त्यांना आणखी एक वाढलं. सगळे गेल्यावर मेधा ताटं उचलता उचलता म्हणाली, "झालं समाधान?" झालं होतं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी आबा साडेसहालाच खाली होते. वाकून बघणं झालं, टायर झाले, पट्टी झाली. इंजिन चालू केलं नाही. कागदावर लिहिलेलं त्यांनी मानलं होतं; फौजेतला माणूस. बॉनेट लावून ते शेजारी उभे राहिले. संदीप पावणेसातला आला नाही. आला सातला दहा कमी असताना, कारण आता त्याला पाच मिनिटं जास्त झोपता येत होतं. दार उघडलं, बसला, सुरू केलं. "येतो आबा." आबांनी दुसऱ्या बाजूच्या दाराकडे एक पाऊल टाकलं होतं. गाडी निघून गेली. त्यांनी ते पाऊल मागं घेतलं आणि त्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागेत थोडा वेळ उभे राहिले. मिस्टर टॅन जिन्यातून वर आले, त्यांनी जागेकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि त्या दिवशी न थांबता पुढचा जिना चढू लागले.

असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी आबा खाली आले नाहीत, आणि नंतर आलेच नाहीत.

सुरुवातीला मला वाटलं रुसले असतील. मग वाटलं तब्येत असेल. कशामुळे ते मला आतून कळलेलं होतं, पण माणूस स्वतःला सवलत देत राहतो. तीन आठवड्यांनी एक युक्ती सुचली. संध्याकाळी नवव्या मजल्यावर गेलो. आबा घराबाहेर कॉमन कॉरिडॉरमध्ये, अश्विनीच्या कढीपत्त्याच्या कुंड्यांजवळ, प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. तिथून कार पार्कमधून बाहेर पडायचा उतार दिसतो. मी म्हणालो, "आबा, माझी गाडी सकाळी जरा कुरकुरते. एकदा कान देता का? उद्या साडेसहाला?"

"खोटं बोलू नगा सायब," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "सकाळी सात धाला गेलासा. आयकली मी हितनं. चांगली हाय गाडी."

मला खाली बघावं लागलं. त्यांनी स्टूल सरकवून मला कठड्याशी जागा करून दिली. आम्ही दोघं उतारावरून बाहेर पडणाऱ्या गाड्या बघत होतो. मग ते आपणहून बोलले.

"तुमी कागद आणलासा तवा मला वाटलं, ह्यास्नी वाटतंय मला म्हाईत न्हाई. लडाख सोडून तीस वर्सं झाली की. हितं कसली थंडी. हितं इंजन रातभर गरमच ऱ्हातंय. टॅन बी सांगायचा रोज, दंडाचं बी."

"मग आबा, का..."

"गाडी बंद आसली की पोरगं निघतंय. चालू ठिवली की थांबतंय."

मी म्हणालो, "मी संदीपशी बोलतो."

"नगं." पहिल्यांदाच आवाज फौजी झाला. "तुमी सांगितल्यावर थांबला, तर त्याला त्ये बी एक काम हुईल. त्याला लई कामं हायती. नगं सांगू."

मी 'बरं' म्हणालो. त्यांनी शब्द घेतला आणि मी दिला. खरं सांगायचं तर तो शब्द मला सोयीचाच पडला. संदीपला सांगायचं म्हणजे स्वतःचं नाव घ्यावं लागलं असतं. 'आबांनीच नको म्हटलंय' या वाक्याच्या आड मी पाच महिने आरामात बसलो. मोडायचाच होता, तर तो शब्द त्याच संध्याकाळी मोडायला हवा होता.

त्या पाच महिन्यांत संदीपच्या गाडीची मुदत संपली. इथं गाडी ठेवायचा हक्क दहा वर्षांसाठी विकत घ्यावा लागतो. तो संपला की चांगली चालणारी गाडीसुद्धा मोडीत जाते. त्यानं इलेक्ट्रिक घेतली. पूजेला आम्हालाही बोलावलं. कार पार्कमध्येच नारळ, हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. अश्विनीनं ओवाळलं. आबांना नारळ फोडायचा मान दिला. तो फोडून झाल्यावर आबांनी विचारलं, "इंजन दावा की."

संदीपनं पुढचं झाकण उघडलं. आत स्वच्छ, काळं, रिकामं खोकं. "इथं सामान ठेवायचं, आबा. इंजिन नसतं हिला."

आबा वाकले. सवयीनं हात मागं बांधलेले होते. त्या रिकाम्या खोक्यात त्यांनी डावीकडून उजवीकडे नीट बघून घेतलं. "झ्याक हाय," म्हणाले, आणि आवाज होऊ नये असं हळू झाकण लावलं. रियानं पेढे वाटले. मी पेढा हातात धरून उभा होतो आणि मला तो तोंडात घालवेना.

दीडेक महिन्यानं कळलं की आबा गावी चाललेत. पासाला अजून वर्ष होतं. अश्विनी म्हणाली, "आम्ही खूप सांगितलं, पण ते म्हणतात, गुडघ्यांना इथली एसी सोसत नाही." त्यांच्या घरात एसी फक्त बेडरूममध्ये होता. मी मान हलवली.

जायच्या आदल्या दिवशी संदीप मला खाली पत्रपेट्यांपाशी भेटला. मी तिथं त्याला सगळं सांगितलं. चार मिनिटांचं सांगितलं, कॉरिडॉरमधलं बोलणं सांगितलं, आणि फोल्डर मी का केला होता तेही सांगितलं. तो हातातली पाकिटं उलटसुलट करत होता. म्हणाला, "अच्छा." मग म्हणाला, "मला वाटायचं त्यांना गाडीचं वेड आहे. मी त्यांच्या समाधानासाठी थांबायचो रोज." परत म्हणाला, "कधी बोलले नाहीत." त्यानं माझ्यावर चिडायला हवं होतं. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. बॅग ठेवून झाली होती. अश्विनी आणि रिया यांनी वरच निरोप घेतला होता. मिस्टर टॅन येऊन आबांशी दोन्ही हातांनी हात मिळवून गेले. मी वाकून पाया पडलो. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. सुखी ऱ्हावा." मनात काही ठेवून ते बोलत नव्हते. मला माफी मागायची होती आणि मी म्हणालो, "आबा, पोचल्यावर फोन करा."

ते आत बसले. संदीपही बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. खिडकी उघडी होती. आबांनी पट्टा लावला, मांडीवरची पिशवी नीट केली, आणि वाट बघितली.

"काय रं? निघ की."

"थांबू जरा, आबा." संदीपचा आवाज नेहमीचा नव्हता. "चार मिनिटं."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खिडकीतून माझ्याकडे. मी मान खाली घातली. शब्द कुणी मोडला ते त्यांना कळलं होतं. मला वाटलं, आता बसतील. आता काहीतरी बोलतील, बोअरचं, ताईच्या पोरीचं, काहीही. संदीप तर थांबला होता. आबांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं.

"इमानाला उशीर हुईल," ते म्हणाले. "हिला काय तापायचंय. निघ."

संदीप आणखी क्षणभर तसाच बसला. मग त्यानं बटण दाबलं. काहीच आवाज झाला नाही, गाडी नुसती हलली आणि उताराकडे वळली. वळणावर मला दोघंही दिसले. आबा मुलाकडे बघत होते आणि मुलगा रस्त्याकडे.